फ्लॅश, लेन्स आणि अंतरपाट

लग्नाचा अल्बम घरी आला की आपण प्रथम आपापला चेहरा शोधतो. मग कोणाचे डोळे मिटले, कोण जेवताना सापडले, कोणत्या मामांना फोटोत घ्यायचेच राहिले, यावर तासभर चर्चा रंगते. वाचकांना माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी अल्बम हाती आला की नवरीच्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे पाहावे. त्यातले मणी काळेभोर दिसतात, की चुलीतल्या राखेसारखे करडे? कन्नडमध्ये या मण्यांना 'करिमणी' म्हणतात. 'करि' म्हणजे काळा. रंग नावातच आला. तरीही पुष्कळ अल्बमांत हे मणी काळे नसतात, केस काळे नसतात, काजळ तर असून नसल्यासारखे असते. सगळ्या फोटोवर कोणी पातळ ताक शिंपडावे तसा एक पांढुरका पडदा पसरलेला असतो. फोटोग्राफर लोक या दोषाला 'फ्लेअर' म्हणतात. तो का येतो आणि फ्लॅश वापरून व्यक्तिचित्र काढताना तो कसा आवरावा, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. पण गेले दोन लग्नहंगाम मी आमच्या पिरनवाडीतल्या एका फोटोग्राफर काकांबरोबर फ्लॅशचे स्टँड धरायला जातो. बेळगाव-खानापूर रस्त्यावरच्या या भागात एकाच मांडवात 'जरा सरका' आणि 'स्वल्प सरीरि' अशी दोन्ही भाषांतून पाहुण्यांची विनवणी करावी लागते. ती काका करतात. स्टँड धरणाऱ्याला बोलायचे काम नसते, त्यामुळे त्याला पाहायला भरपूर वेळ मिळतो. पुढील मजकुरातला बराचसा भाग या फुकटच्या वेळात जमलेला आहे. हिशेब मात्र माझा.

लेन्स म्हणजे एक भिंग नव्हे. अनेक भिंगे एकामागे एक बसवलेली ती एक उतरंड असते. प्रकाश हवेतून काचेत शिरताना आणि काचेतून पुन्हा हवेत येताना, दर वेळी त्याचा सुमारे चार टक्के भाग माघारी फिरतो. रात्री खिडकीच्या काचेत आपलेच तोंड दिसते ते या परतलेल्या प्रकाशामुळे. आता समजा, लेन्समध्ये सहा सुटी भिंगे आहेत. प्रत्येकाला दोन बाजू, म्हणजे बारा पृष्ठभाग झाले. प्रत्येक पृष्ठभाग चार टक्के अडत कापून घेतो. बारा चोक अठ्ठेचाळीस अशी वजाबाकी येथे करू नये. प्रत्येक अडत उरलेल्या रकमेवर लागते, चक्रवाढीसारखी पण उलटी. शंभर रुपयांचा प्रकाश आत शिरला तर शेवटी एकसष्ट रुपयांचाच पलीकडे पोचतो.

नुसती ही घट असती तर चिंता नव्हती. फ्लॅशची ताकद थोडी वाढवली की भागले असते. खरी भानगड माघारी फिरलेल्या प्रकाशाची आहे. तो मागे जाताना आधीच्या भिंगाची पाठ त्याला भेटते, तेथे त्याचा चार टक्के भाग पुन्हा उलटतो आणि पुढे निघून कॅमेऱ्यात पोचतो. पोचतो खरा, पण आपल्या जागी नव्हे. वहीत रक्कम जमा झाली, पण भलत्याच खात्यावर! चारातले चार टक्के म्हणजे शंभर रुपयांवर सोळा पैसे. ही क्षुल्लक रक्कम वाटेल. परंतु बारा पृष्ठभागांतून दोन-दोनच्या जोड्या सहासष्ट होतात. सहासष्ट गुणिले सोळा पैसे म्हणजे जवळजवळ साडेदहा रुपये. वाटेतली घट धरली तर काहीसे कमी. शंभरात इतकी रक्कम भलत्या खात्यावर पडली तर कोणता हिशेबनीस ताळेबंदावर सही करील?

जुन्या काळच्या भिंगकारांना ही अडचण चांगली ठाऊक होती. झाइस कंपनीच्या पॉल रुडॉल्फ यांनी १८९६ साली 'प्लानार' नावाची सहा भिंगांची उत्तम रचना केली. तीत काही भिंगे एकमेकांना चिकटवलेली असल्याने हवेला लागलेले पृष्ठभाग आठच होते. तरीसुद्धा फ्लेअरमुळे ती मागे पडली आणि १९०२ सालची चारच भिंगांची साधी 'टेसार' घरोघरी पोचली. सहा माणसांचे काम चौघांनी केलेले बरे, कारण मधल्या मध्ये गळती कमी, असा तो न्याय.

यावर उपाय सापडला तो थोडा गमतीने. इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना १८८६ साली असे आढळले, की जुनी, डागाळलेली काच नव्याकोऱ्या काचेपेक्षा जास्त प्रकाश पलीकडे सोडते. काचेवर हवेमुळे चढलेला तो पातळ थरच परावर्तन कमी करीत होता. पुढे १९३५ साली झाइसमधल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी असा थर मुद्दाम चढविण्याची रीत काढली. मॅग्नेशियम फ्लुओराइडचा एक योग्य जाडीचा थर दिला की चार टक्क्यांची अडत दीड टक्क्याच्याही खाली येते. १९७१ साली पेंटॅक्स कंपनीने अनेक थरांचे लेपन असलेल्या लेन्सेस बाजारात आणल्या, आणि आज चांगल्या लेन्सवर ही अडत अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. लेन्स तिरकी धरून पाहिली तर जो जांभळा-हिरवा रंग चमकतो तो याच थरांचा. वरचाच हिशेब अर्ध्या टक्क्याने मांडला तर साडेदहा रुपयांचे साडेसोळा पैसे होतात. साठपट सुधारणा!

मग आता फ्लेअरची कटकट संपायला हवी. ती का संपत नाही? कारण फ्लॅश. समजा, चेहऱ्याकडून लेन्सकडे शंभर रुपयांचा प्रकाश येतो आहे आणि डोळ्यांतल्या काजळाकडून चार रुपयांचा. त्याच वेळी मागच्या बाजूला उभा केलेला फ्लॅश लेन्सच्या काचेवर थेट पडतो आहे. तो चेहऱ्याच्या कितीतरी पट प्रखर; दहा हजार रुपये धरू. शेकडा साडेसोळा पैसे या दराने दहा हजारांवर साडेसोळा रुपये भलत्या खात्यावर जमा होतील आणि, समजा, सगळ्या फोटोवर सारखे वाटले जातील. आता पाहा. चेहऱ्याच्या शंभराचे साडेएकशे सोळा झाले. डोळ्याला फारसे कळतही नाही. पण काजळाच्या चारांचे साडेवीस झाले, म्हणजे पाचपट! आकडे मी सोयीसाठी मानलेले आहेत, न्याय मात्र खरा आहे. फ्लेअर सगळ्यांकडून सारखी वर्गणी घेत नाही. जो काळा, जो अंधारातला, त्याचेच तो सर्वस्व नेतो.

म्हणूनच हा केवळ तांत्रिक दोष आहे असे मला वाटत नाही. आपल्याकडची बहुतेक माणसे सावळी. सावळ्या चेहऱ्याचे सौंदर्य उजेड आणि सावली यांच्या मधल्या बारीक बारीक पायऱ्यांत असते: गालाच्या हाडाखालची छाया, कपाळावरची तुळतुळीत चमक, भुवयांचा गडदपणा. फ्लेअरचा पडदा या पायऱ्याच बुजवतो. चेहरा उजळत नाही, राखी होतो. आणि अशा फोटोकडे पाहून 'फोटो गोरा आला हो!' म्हणून खूश होणारी मंडळी मी पाहिली आहेत. काही फोटोग्राफर मग हा दोष आवरतच नाहीत. गिऱ्हाईक राजी तर आपले काय जाते! नवरीचे जाते, असे माझे मत आहे. तिचा चेहरा जातो.

आमच्या ओळखीच्या एका घरातली गोष्ट सांगतो. घरातल्या आजींना फोटो काढून घेण्याचा कंटाळा. नातीच्या लग्नात त्या स्टेजवर आल्या तेव्हा कोणीतरी टिपलेला एकच बरा फोटो होता. पुढे आजी वारल्या. भिंतीवर लावायला तोच फोटो मोठा करायला दिला. पण मागचा दिवा थेट लेन्सवर आलेला. आजींच्या चेहऱ्यावर पांढरे झाकोळ, नाकाशेजारी एक हिरवट गोल ठिपका. संगणकावर काळा रंग पुन्हा गडद करता येतो, 'डीहेझ' नावाची सोयही असते. पण पडद्याखाली ज्या सुरकुत्यांची नोंदच नीट झाली नाही त्या कोठून आणायच्या? आता भिंतीवर हार घातलेला जो चेहरा आहे तो कोणाही म्हाताऱ्या बाईचा असू शकतो.

असो. मागे फ्लॅश ठेवायचाच कशाला, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. पुढचा फ्लॅश चेहरा उजळतो, पण काळे केस मागच्या काळोखात मिसळून जातात आणि डोक्याची कडा हरवते. मागून तिरकस प्रकाश टाकला की केसांना आणि खांद्याला एक चंदेरी रेघ येते, माणूस पार्श्वभूमीपासून सुटा होतो. चित्रपटवाल्यांची ही जुनी युक्ती. निपाणी ओलांडली की कोल्हापूर. तेथल्या बाबुराव पेंटरांनी १९२३ सालच्या 'सिंहगड' या मूकपटात रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. दिवे आले म्हणजे दिवा कॅमेऱ्याच्या डोळ्यात जाऊ नये याची काळजीही आलीच. आजही शूटिंगच्या ठिकाणी दिव्यापुढे काळ्या कापडाची किंवा पत्र्याची आडोशी धरतात. तिला 'कटर' म्हणतात.

हा कटर म्हणजेच या लेखाचे सार. लग्नात मुहूर्तापर्यंत वधू-वरांनी एकमेकांना पाहू नये म्हणून मध्ये अंतरपाट धरतात. तसा अंतरपाट फ्लॅश आणि लेन्स यांच्यामध्ये हवा. फरक एवढाच, की मंगलाष्टके संपली तरी हा दूर करायचा नाही. फ्लॅशने नवरीला पाहावे, लेन्सने नवरीला पाहावे, पण त्या दोघांनी एकमेकांना पाहू नये. आडोसा फ्लॅश आणि चेहरा यांच्यामध्ये येता कामा नये, फ्लॅश आणि लेन्स यांच्यामध्येच यावा. यासाठी महागडे साहित्य लागत नाही. स्टेशनरीच्या दुकानातला काळा कार्डशीट, वीतभर रुंद आणि हातभर लांब, फ्लॅशच्या कॅमेऱ्याकडच्या बाजूला रबर लावून बांधला तरी पुरतो. आमच्या काकांनी उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या कामगाराकडून यंत्राच्या पॅकिंगमधले काळ्या फोमचे तुकडे आणले आहेत. फोम वाकवला की वाकतो, पडला तर फुटत नाही, आणि पाहुण्यांचा धक्का लागला तर कोणाला टोचत नाही.

अंतरपाट नीट धरला आहे की नाही हे ओळखण्याची रीत अगदी सोपी आहे. फ्लॅश उडवू नये. कॅमेऱ्याच्या जागी आपला डोळा न्यावा, बरोबर लेन्सच्या उंचीवर. तेथून फ्लॅशचे चकचकीत तोंड दिसले, तर ते लेन्सलाही दिसते आहे. ज्या लहान फ्लॅशमध्ये मार्गदर्शक दिवा नसतो त्याच्या तोंडाशी मोबाइलचा टॉर्च धरावा आणि लेन्सच्या पुढच्या काचेवर उजेड पडतो का ते पाहावे. उजेड पडला तर लेन्सच्या बाजूला हात आडवा धरावा. हाताची सावली काचेवर पडली की ज्या दिशेने उजेड येतो ती दिशा कळते. मांडवात काका मला म्हणतात, "लेन्सच्या तोंडावर सावली पडली का बघ की रे!" मी "पडली, काका" म्हटल्याशिवाय ते बटण दाबीत नाहीत.

आडोसा लावण्याआधीही दोन गोष्टी करून पाहण्यासारख्या आहेत. पहिली, मागचा फ्लॅश माणसाच्या डोक्यामागे किंवा खांद्यामागे लपवणे. कॅमेरा वीतभर डावी-उजवीकडे सरकला तरी काम होते, पण नवरीने मान हलवली की फ्लॅश पुन्हा डोकावतो. म्हणून जिवंत माणसांच्या समारंभात यावर फार विसंबू नये. दुसरी, फ्लॅश अधिक बाजूला नेणे. अगदी मागे असलेला फ्लॅश लेन्सकडे तोंड करून असतो. तोच थोडा बाजूला आणि वर नेला की लेन्सच्या हूडच्या कक्षेबाहेर जातो. ताकदही कमी करून पाहावी. तिरका प्रकाश केसांवरून सहज घसरून चकाकतो, त्यामुळे मागच्या फ्लॅशला पुढच्यापेक्षा कमी ताकद पुष्कळदा पुरते. हौशी लोक नेमके उलटे करतात आणि मग केस जळाल्यासारखे पांढरे दिसतात.

फ्लॅशच्या तोंडावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी बसवण्याचीही पद्धत आहे. तिला ग्रिड म्हणतात. ती प्रकाशाला सरळ रेषेत जाऊ देते, बाजूला सांडू देत नाही. ग्रिड असेल तर कटरचे निम्मे काम वाचते. याउलट पांढऱ्या छत्रीतून आरपार सोडलेला प्रकाश चहूकडे सांडतो. छत्री स्वस्त आणि तिचा प्रकाश मऊ, म्हणून आमच्याकडे सगळ्यांकडे छत्री. परंतु तिची कड कॅमेऱ्याच्या पुढे आली की पडदा आलाच. छत्री लेन्सच्या रेषेच्या मागे ठेवावी.

लेन्सच्या हूडबद्दल एक गैरसमज आहे. हूड लावला म्हणजे झाले, असे अनेकांना वाटते. झूम लेन्सचा हूड तिच्या सर्वांत रुंद दृश्याला आडवा येऊ नये इतकाच मोठा केलेला असतो. व्यक्तिचित्रासाठी आपण झूम पुढे नेतो. तेव्हा त्या दृश्याच्या मानाने हूड फारच तोकडा ठरतो, अंगावर आखूड झालेल्या शाळेच्या सदऱ्यासारखा. हूड लावावाच, पण त्याच्या भरवशावर कटर काढू नये.

काही उपाय मात्र केवळ समजुतीचे आहेत. फ्लेअर दिसला की शटरचा वेग वाढवणारे लोक भेटतात. फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, अनेकदा त्याहूनही लवकर आटोपतो. शटर एक-दोनशतांश सेकंद उघडे असो की एक-साठांश, फ्लॅशचा सगळा प्रकाश आत येणारच. छिद्र लहान केले तर चेहरा आणि फ्लेअर दोन्ही एकाच प्रमाणात कमी होतात. गुणोत्तर तेच राहते. उलट छिद्र लहान केल्याने पसरट ठिपक्यांना टोके येऊन ते षट्कोनी, ठसठशीत होतात. आणि लेन्सच्या रक्षणासाठी पुढे लावलेला स्वस्त फिल्टर तर अडतीत आणखी दोन दलालांची भर घालतो. फ्लॅशचे काम सुरू होण्याआधी तो काढून खिशात ठेवावा.

येथेच स्वच्छतेचाही उल्लेख करायला हवा. हळदीच्या दिवशी लेन्सवर काय काय बसते याची कल्पना स्टँड धरणाऱ्यालाच असते! हळदीचे कण, तेलकट बोटांचे ठसे, अक्षतांबरोबर उडालेले कुंकू. बोटाचा एक ठसा पुढच्या काचेवर असला तर एरवी दिसतही नाही. फ्लॅशचा तिरका प्रकाश त्यावर पडला की तो साऱ्या फोटोवर पसरतो. आधी ब्लोअरने फुंकावे, मग मऊ कापडाने पुसावे. सदऱ्याच्या टोकाने पुसू नये, कारण लाखमोलाचे ते थर तेथेच घासले जातात.

पासपोर्ट फोटोच्या लहान स्टुडिओत फ्लॅश लेन्सकडे वळलेला नसतो, तरी पडदा येतो. तेथे गुन्हेगार पांढरी भिंत. ती शुभ्र दिसावी म्हणून तिच्यावर इतका प्रकाश ओततात, की ती भिंतच एक भला मोठा दिवा बनते आणि कानाच्या कडा तिच्यात विरघळतात. भिंत चेहऱ्यापेक्षा एखाद्या स्टॉपने उजळ असली तरी कागदावर पांढरी येते. तीन-चार स्टॉपची गरज नाही. माणसाला भिंतीपासून चार-सहा फूट पुढे बसवावे, आणि चौकटीबाहेरची पांढरी भिंत दोन्ही बाजूंनी काळ्या कापडाने झाकावी. जागा अपुरी असते हे खरे, पण कापडाला जागा लागत नाही.

रिसेप्शनचे स्टेज हा मात्र निराळाच त्रास आहे. हल्ली नवरा-नवरीच्या मागे रंगीत एलईडी दिवे थेट प्रेक्षकांच्या डोळ्यांत मारणारे लावतात. ते फोटोग्राफरच्या ताब्यात नसतात. डेकोरेशनवाल्याला आधीच सांगून दिव्यांची तोंडे थोडी वर किंवा पडद्याकडे वळवून घेणे, एवढाच मार्ग. ते न जमल्यास कॅमेरा अशा कोनात न्यावा की जोडप्याची डोकी दिव्यांच्या आड येतील.

मुद्दाम फ्लेअर आणण्याचीही आज आवड आहे. लग्नापूर्वी जांबोटीकडे किंवा खानापूरच्या रानात जाऊन मावळतीचा सूर्य लेन्समध्ये घेतात, सगळा फोटो सोनेरी करतात. चांगला दिसतो, नाही असे नाही. पण तेथे फोटोग्राफरने फ्लेअर बोलावलेला असतो आणि तो कोठे बसणार हे त्याला ठाऊक असते. आगंतुकाची गोष्ट निराळी.

शेवटी आपल्या सर्वांच्या खिशातल्या कॅमेऱ्याविषयी. मोबाइलचा लहानसा फ्लॅश लेन्सला अगदी खेटून असतो. मागे जाड किंवा पारदर्शक कव्हर असेल, अथवा कॅमेऱ्यावर जादा काच चिकटवलेली असेल, तर फ्लॅशचा प्रकाश त्या कडेतून किंवा काचेतून आडवा फिरून थेट लेन्समध्ये शिरतो. रात्रीच्या फोटोंत सगळीकडे धुके दिसते आणि दोष मोबाइलला दिला जातो. वर्गातल्या चार मित्रांनी एकाच अंधाऱ्या खोलीत एकाच मित्राचा फोटो दोनदा काढावा, एकदा कव्हरसह आणि एकदा कव्हर काढून, लेन्स पुसून. मग दोन्ही फोटो शेजारी ठेवावेत आणि मित्राच्या केसांकडे पाहावे.